आजारी न पडलेला उंदीर

जनुकांत बदल केलेल्या उंदरांबरोबर माझी जवळजवळ पंधरा वर्षं गेली, त्यातली बहुतेक इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात. विषय एकच होता: मेंदूच्या पेशींत स्निग्ध पदार्थ साठत जातात आणि त्यातून मुलं दगावतात, असे आनुवंशिक आजार. टे-सॅक्स, सँडहॉफ, नीमन-पिक सी, क्रॅबे ही त्यांतली काही नावं. आता मी पुण्यातल्या एका निदान प्रयोगशाळेत याच आजारांच्या रक्ततपासण्या करते. इथे आल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उंदरांवर इतकं काम केलंत, त्यातून मुलांना काय मिळालं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

टे-सॅक्सचं बाळ जन्मतः गुटगुटीत असतं. ते हसतं, ओळखतं, मान धरतं. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमाराला घरच्यांना काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. भांडं पडल्याच्या साध्या आवाजानं ते सगळ्या अंगानं दचकतं. धरलेली मान सोडतं, बसायला लागलेलं असेल तर बसेनासं होतं, नजर कुठे ठरत नाही. नेत्रतज्ज्ञाने डोळ्याच्या आत पाहिलं, तर पडद्याच्या मध्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसतो. लंडनच्या वॉरन टे यांनी तो १८८१ मध्ये नोंदवला आणि न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स यांनी १८८७ मध्ये आजाराचं मेंदूतलं रूप वर्णन केलं. पुढे आकडी येते, गिळता येत नाही, दृष्टी जाते. बहुतेक मुलं चार-पाच वर्षांच्या आत जातात. यावर मान्यता मिळालेलं औषध आजही नाही.

पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. क्रिस्तियाँ द द्यूव यांनी त्या १९५५ मध्ये उजेडात आणल्या. पेशीला नको झालेले मोठे रेणू तिथे कापले जातात आणि प्रत्येक कापणीला वेगळं एन्झाइम लागतं. एक एन्झाइम नसलं, की त्याच्या वाट्याचा पदार्थ तिथेच अडकतो आणि मोरी तुंबावी तशी पेशी तुंबत जाते. टे-सॅक्समध्ये अडकणारा पदार्थ म्हणजे जीएम-२ गँग्लिओसाइड. तो कापणारं हेक्सोसामिनिडेज-ए हे एन्झाइम या मुलांत नसतं, हे १९६९ मध्ये कळलं. हे एन्झाइम अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचं बनतं. अल्फा साखळीचं जनुक बिघडलं तर टे-सॅक्स. बीटाचं बिघडलं तर हेक्सोसामिनिडेज-बी हे भावंड एन्झाइमही जातं, आणि त्या आजाराला सँडहॉफ म्हणतात. मुलांत हे दोन आजार एकमेकांपासून वेगळे ओळखणं कठीण असतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला उंदराचं हवं ते जनुक नेमकं बंद करण्याचं तंत्र हाती आलं. त्यासाठी मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. साठवणुकीच्या आजारांवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. एक मूल गेलं की त्याच्या मेंदूचा अभ्यास शेवटच्या अवस्थेतच व्हायचा, सुरुवात कशी होते हे कुणाला बघताच येत नव्हतं. आता पहिल्या दिवसापासून आजार बघता येणार होता. अल्फा साखळीचं जनुक बंद केलेले उंदीर १९९४ मध्ये जन्माला आले. त्यांच्या मेंदूत जीएम-२ साठत होतं, पण उंदीर धडधाकट होते. धावत होते, चढत होते, पिल्लांना जन्म देत होते. ज्या बिघाडाने मूल दोन वर्षांत अंथरुणाला खिळतं, त्याच बिघाडासह उंदीर खुशाल म्हातारा होत होता.

मी या क्षेत्रात आले तेव्हा ही गोष्ट जुनी झालेली होती. तरी पहिल्याच आठवड्यात आमच्या गटप्रमुखांनी मला या उंदरांच्या पिंजऱ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, “यातले आजारी कोणते, सांग.” मला ओळखता आले नाहीत. त्या म्हणाल्या, “कुणालाच येत नाहीत. का येत नाहीत, ते आधी शिकून घे.”

कारण असं, की उंदराच्या शरीरात एक आडवाट आहे. सियालिडेज नावाचं दुसरं एन्झाइम जीएम-२ वरचा एक तुकडा काढून टाकतं, आणि उरलेला रेणू हेक्सोसामिनिडेज-बी कापू शकतं. माणसातही सियालिडेज आहे, पण त्या वाटेनं पुरेसा निचरा होत नाही. बीटा साखळीचं जनुक बंद केलं की उंदराची ही आडवाटही बंद होते. १९९५ मध्ये तसे उंदीर तयार झाले, आणि ते मात्र सँडहॉफच्या मुलांसारखेच आजारी पडले. तिसऱ्या महिन्यात मान थरथरते, मागचे पाय साथ देत नाहीत, आणि चार-साडेचार महिन्यांत सगळं संपतं. पुढे २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमिरच्या संशोधकांनी अल्फाचं जनुक आणि एक सियालिडेज अशी दोन्ही एकाच उंदरात बंद केली. तो उंदीर लहान वयातच टे-सॅक्सच्या वाटेनं गेला. आडवाटेचा तर्क पक्का ठरला.

आजारी न पडलेल्या या उंदराला क्षेत्रातली कित्येक माणसं ‘फसलेलं मॉडेल’ म्हणायची. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. या उंदरानं शरीरात दुसरी वाट असू शकते हे दाखवून दिलं. तो मुलासारखा आजारी पडला असता, तर ती वाट शोधायला कुणी गेलंच नसतं. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. तो कुठे आपल्यासारखा आहे आणि कुठे नाही हे माहीत असलं, तरच त्याच्याकडून काही शिकता येतं.

माझी पुढची सगळी वर्षं सँडहॉफच्या उंदरांत गेली. त्या कामाचा दिवस कसा असतो, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. आई-बाप दोघंही वाहक ठेवायचे, म्हणजे दोघांतही जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बंद. त्यांच्या पिल्लांत साधारण चारातलं एक आजारी, एक पूर्ण निरोगी आणि दोन वाहक निघतात. दिसायला सगळी सारखीच. म्हणून प्रत्येकाच्या कानाचा बारीक तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए काढायचा, पीसीआर करायचं, आणि कोण कोण आहे ते ठरवायचं. कानाला पडलेलं भोक हीच मग त्याची ओळख. आजारी पिल्लाला औषधाच्या किंवा बिनऔषधाच्या गटात घालायचं आणि निरोगी भावंडाला तुलनेसाठी ठेवायचं. वाहकांचं बहुतेक वेळा काहीच काम नसायचं. पुढच्या पैदाशीला लागतील तेवढे ठेवून बाकीचे मारावे लागत. शोधनिबंधात आकडे येतात ते प्रयोगातल्या उंदरांचे. या उरलेल्या निरोगी उंदरांची संख्या तिथे क्वचितच दिसते. ती छापली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मारणं हा या कामाचा भाग आहे आणि तो मी स्वतः केला आहे. गाढ भूल देऊन हृदयातून द्रव सोडायचा, रक्त निघून गेलं की मेंदू काढायचा. हात सरावतात. पण ते हलगर्जी होऊ नयेत यासाठी रोज प्रयत्न करावा लागतो. इंग्लंडमध्ये १९८६ चा प्राण्यांवरील प्रयोगांचा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक माणसाला स्वतःचा परवाना लागतो आणि तो मिळण्याआधी प्रशिक्षण व परीक्षा होते. भारतातही १९६० च्या कायद्याखाली केंद्रीय समिती आहे आणि संस्थांना प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागते. या सगळ्यामागचा विचार रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडला: प्राण्याशिवाय काम होत असेल तर प्राणी वापरू नका, वापरावे लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. समितीसमोर बसून हे तत्त्व उच्चारणं सोपं असतं. रात्री उशिरा पिंजऱ्यापाशी उभं राहून, हा उंदीर उद्यापर्यंत ठेवायचा की आत्ताच सोडवायचा, हे ठरवताना त्याची खरी कसोटी लागते. उद्या मिळणारी एक नोंद जास्त मोलाची, की आजची त्याची अवस्था? आमच्याकडे नियम लिहून ठेवलेला होता. वजन ठरावीक प्रमाणात उतरलं किंवा पाठीवर ठेवल्यावर उंदराला पालथं होता आलं नाही, की तिथेच थांबायचं. नियम आधी लिहिलेला असतो म्हणून त्या रात्री लोभ आवरता येतो.

आजार सर्वांत आधी कुणाला कळायचा, हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ तोल सांभाळतो हे मोजणारं यंत्र होतं, पावलांचे ठसे घेण्याची सोय होती, वजनाचे तक्ते होते. तरी आमच्याआधी कळायचं ते प्राणिगृहात काम करणाऱ्या एका बाईंना. त्या शाळा संपवून थेट याच कामाला लागलेल्या होत्या. एकदा त्यांनी मला बोलावून दोन पिंजरे दाखवले. उंदराला कापसाचा चौकोनी तुकडा दिला, की तो रात्रीतून कुरतडून त्याचं गोल, उंच भिंतींचं घरटं करतो. एका पिंजऱ्यात तसं घरटं होतं. दुसऱ्यात कापूस कोपऱ्यात पडून होता. “याचं बिनसलंय,” त्या म्हणाल्या, “परवापासून बघतेय.” त्या उंदराची यंत्रावरची कामगिरी तेव्हा चांगली होती. काही दिवसांनी ती घसरली. त्यानंतर आम्ही घरट्यांना रोज गुण द्यायला सुरुवात केली, आणि नोंदवहीत सकाळची पहिली सही त्या बाईंची असायची. ज्यांच्या हाताखालून रोज पिंजरे जातात, त्यांना प्रयोगाची आखणी करताना विचारलं जात नाही, ही आमच्या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

आशा माणसाच्या डोळ्यांवर काय परिणाम करते, हेही मी तिथेच बघितलं. एका औषधाच्या प्रयोगात काही उंदीर अपेक्षेहून बरेच जास्त जगत होते. कोणत्या उंदराला औषध मिळतंय आणि कुणाला नुसता द्राव, हे मोजणाऱ्यांपासून लपवलेलं होतं. तरी कुजबुज सुरू झाली की औषध लागू पडतंय. नव्याने आलेला एक विद्यार्थी तर त्या उंदरांच्या चालीचं वर्णन उत्साहाने करायचा. शेवटी यादी उघडली तेव्हा जास्त जगलेले उंदीर दोन्ही गटांत विखुरलेले निघाले. बहुतेक सगळे एकाच आई-बापाच्या वेतांतले होते. आईचं दूध, वेतातली पिल्लांची संख्या, वंशाची पार्श्वभूमी यांनी इतका फरक पडू शकतो. त्या दिवसापासून, एकाच वेतातली भावंडं दोन्ही गटांत वाटली होती का, हे पाहिल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष वाचत नाही.

तुलनेचा गट किती मोलाचा असतो, याचं उत्तम उदाहरण नीमन-पिक सीच्या उंदरांत घडलं. २००४ मध्ये एका संप्रेरकासारख्या रेणूनं हे उंदीर लक्षणीय जास्त जगतात, असं प्रसिद्ध झालं. तो रेणू पाण्यात विरघळावा म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यात मिसळून दिलेला होता. पुढे २००९ मध्ये कळलं, की बहुतांश गुण त्या साखरेच्या कड्याचाच होता. जे निव्वळ वाहन समजलं होतं तेच औषध निघालं. मग मुलांवरच्या चाचण्या झाल्या. मांजरांत आधी दिसलेला श्रवणदोष मुलांतही दिसला आणि मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. त्याच आजारावर २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. त्यांतल्या एकाची, लेव्हॅसिटिलल्युसिनची, उंदरांतली तपासणीही मला परिचित आहे. एका उंदराच्या पिंजऱ्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत फार मोठा काळ जातो. त्यात सरळ रेघ कुठेच नसते.

माझ्या स्वतःच्या विचारांना सगळ्यात मोठं वळण मिळालं ते सूक्ष्मदर्शकाखाली. सँडहॉफच्या उंदरांना निरोगी अस्थिमज्जा दिली तर ते चार-साडेचार महिन्यांऐवजी आठ महिन्यांपर्यंत जगू शकतात, हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने दाखवलं होतं. अपेक्षा अशी, की त्यांच्या मेंदूतला साठा कमी झालेला असणार. याच गटाने २००० मध्ये पाहिलं तेव्हा चेतापेशींतला साठा होता तसाच होता. कमी झाली होती ती मेंदूतल्या संरक्षक पेशींची, मायक्रोग्लियाची, खवळलेली अवस्था. मी हे वाचलेलं होतं. पण आमच्याच उंदरांच्या काचपट्ट्यांवर एकामागोमाग एक फुगलेल्या पेशी बघितल्या, आणि त्या तशाच फुगलेल्या असताना तो उंदीर घरटं बांधत होता हे आठवलं, तेव्हा ते अंगात भिनलं. साठा म्हणजेच आजार, हे समीकरण अपुरं आहे. साठा ठिणगी टाकतो. मेंदू जळतो तो पुढच्या दाहाने. त्यानंतर आमच्या गटाचं निम्मं काम दाहाकडे वळलं.

दुसरी गोष्ट वेळेची. साठणारा पदार्थच कमी तयार व्हावा, या कल्पनेवर मिग्लुस्टॅट हे औषध उभं आहे. १९९७ मध्ये ते टे-सॅक्सच्या उंदरांत आणि १९९९ मध्ये सँडहॉफच्या उंदरांत तपासलं गेलं. सँडहॉफच्या उंदरांचं आयुष्य त्याने सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढलं. गोशे या साठवणुकीच्याच दुसऱ्या आजाराच्या एका प्रकारासाठी २००२ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. टे-सॅक्सच्या मुलांत मात्र आजार थांबला नाही. का? उंदराला औषध सुरू होतं ते दूध सुटल्या-सुटल्या, लक्षणं यायच्या कितीतरी आधी. मुलाचं निदान होतं ते मान टाकल्यानंतर. आम्ही मुद्दाम उशिरा, लक्षणं दिसल्यावर उपचार सुरू करून पाहिलं की परिणाम हाताला लागेनासा व्हायचा. एकेका औषधाचं नाव बदलत गेलं, ही गोष्ट बदलली नाही. मेलेली चेतापेशी परत आणणारं औषध आमच्याकडे कधीच नव्हतं.

आकाराचा प्रश्नही आहेच. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी, मोठ्या माणसाचा सुमारे तेराशे ते चौदाशे ग्रॅम. जनुकोपचारात उंदराच्या मेंदूत एका-दोन ठिकाणी चांगलं जनुक पोहोचवलं की ते बऱ्यापैकी पसरतं. मुलात पसरत नाही. म्हणून मध्ये सँडहॉफची मांजरं आली, टेक्सासमधल्या जेकब जातीच्या मेंढ्या आल्या, ज्यांना टे-सॅक्स निसर्गतःच होतो. माकडांत जनुकाची मात्रा जास्त झाल्यावर मेंदूला इजा झाली, तेव्हा रचना बदलावी लागली. अमेरिकेत टे-सॅक्सच्या दोन मुलांना जनुकोपचार दिल्याचा वृत्तांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार बरा झाला, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. उपचार देता येतो आणि मुलं तो सहन करतात, इतकं कळलं. जी माणसं याला ‘फक्त इतकंच?’ म्हणतात, त्यांना या वाटेची चढण माहीत नाही.

एकदा एक जोडपं आमची प्रयोगशाळा बघायला आलं होतं. त्यांचं बाळ वर्षापूर्वी सँडहॉफने गेलं होतं. वडिलांनी तक्ते बारकाईने पाहिले, प्रश्न विचारले. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, “या उंदरांना दुखतं का?” मी खरं ते सांगितलं. शेवटच्या आठवड्यांत त्यांना त्रास होतो, आम्ही तो मोजतो आणि ठरलेल्या जागी थांबवतो. त्या म्हणाल्या, “माझ्या बाळाचा कुणाला थांबवता आला नाही. तुम्ही वेळेवर थांबवत जा.” आमच्या नियमांचा मसुदा पुढच्या वेळी तपासायला घेतला तेव्हा थांबण्याची रेषा आम्ही आणखी अलीकडे आणली. निष्कर्ष तेवढेच मिळाले.

मी परत आले त्याला घरगुती कारणंही होती, पण मोठं कारण हे वेळेचं. उंदरांनी जर एवढं एकमुखाने सांगितलं आहे की आधी कळलं तरच काही करता येईल, तर आधी कळण्याचं काम कुणीतरी केलं पाहिजे. योगायोग असा, की माझ्या टेबलावरची रासायनिक क्रिया बदललेली नाही. तिथे उंदराच्या मेंदूच्या द्रावणात जो कृत्रिम पदार्थ घालत होते, तोच इथे बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या द्रावणात घालते. एन्झाइम असेल तर तो कापला जातो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. हेक्सोसामिनिडेज-ए उष्णतेने मरतं, बी टिकतं. तापवण्याआधी आणि तापवल्यानंतर मोजलं की दोघांचा हिशेब वेगळा करता येतो. नसलेला निळा रंग बघायची वेळ येते तेव्हा फोन कुणी करायचा, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. तो मीच करते.

टे-सॅक्स हा ज्यूंचा आजार, अशी समजूत आपल्याकडच्या डॉक्टरांतही आढळते. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंत साधारण तीस जणांत एक वाहक असतो, हे खरं. अमेरिकेत मायकेल काबॅक यांनी १९७१ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात वाहक-तपासणी सुरू केली आणि पुढे त्या समाजातला हा आजार नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. स्वतःची चार मुलं या आजारात गमावलेल्या जोसेफ एकस्टाइन या रब्बींनी १९८३ मध्ये एक संस्था काढली. स्थळ बघतानाच दोघांचे सांकेतिक क्रमांक पडताळायचे आणि दोघं वाहक असतील तर पुढे जायचं नाही, अशी तिची पद्धत. आपण पत्रिका जुळवतो त्याच टप्प्यावर ते हे करतात. पण आजार फक्त त्यांचा नाही. अहमदाबादच्या संशोधकांनी २०१२ मध्ये भारतीय टे-सॅक्सच्या मुलांतले बदल प्रसिद्ध केले. त्यातला एक बदल गुजरातमधल्या एकमेकांशी नातं नसलेल्या कुटुंबांत पुन्हा पुन्हा सापडला. पोटजातीतच लग्नं करणारे आपले समाज आणि मामाच्या मुलीशी लग्नाची आपल्याकडची चाल, यांमुळे एकच दुर्मिळ बिघाड दोन्हीकडून भेटण्याची शक्यता वाढते.

दक्षिण महाराष्ट्रातलं असंच एक जोडपं आमच्याकडे आलं. नवरा-बायको मामे-आते भावंडं. दोन मुलं वर्ष-दीड वर्षाची होऊन गेलेली. तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना लागलेला. दोन्ही मुलांची एन्झाइमची तपासणी झालेली नव्हती आणि रक्ताचा थेंबही कुठे ठेवलेला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “ताई, आम्हाला वाटलं नजर लागली.” एका जुन्या केसपेपरवर मात्र डॉक्टरांनी हाताने डोळ्यातला लाल ठिपका लिहून ठेवला होता. त्या एका ओळीने आम्हाला दिशा दिली. गरोदरपणी रक्तद्रवातली एन्झाइमची मोजणी दिशाभूल करते, म्हणून पांढऱ्या पेशींतच मोजलं. दोघंही वाहक निघाले. मग डीएनए, मग गर्भवेष्टनाचा नमुना. सगळं घाईघाईत, एकेक दिवस मोजत. गर्भ आजारी नव्हता. पहिल्याच मुलाच्या वेळी दोन मिलिलिटर रक्त ठेवलं गेलं असतं, तर दुसऱ्या खेपेला या घरावर ते ओढवलं नसतं.

केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि काही आजारांसाठी रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. उपचार असलेल्या आजारांसाठी ही मोठी गोष्ट आहे. उपचार नसलेल्यांसाठी निदान हीच मदत, आणि ती आजही पैसे असणाऱ्यांपर्यंत आधी पोहोचते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरात किंवा नात्यात एखादं बाळ शिकलेलं विसरत असेल, आवाजाला फार दचकत असेल, नजर ठरत नसेल, तर वाट बघू नका. डोळ्यांची आतून तपासणी आणि एन्झाइमची तपासणी मागून घ्या. पूर्वी असं मूल गेलेलं असेल तर त्याचे कागद जपून ठेवा आणि पुढच्या गरोदरपणाच्या आधी आई-वडिलांची तपासणी करा. आणि बालरोगतज्ज्ञांना विनंती, की असं मूल हाती आलं आणि ते वाचणार नाही हे दिसत असलं, तरी आई-वडिलांच्या संमतीने त्याच्या रक्ताचा नमुना घ्या, डीएनए साठवून ठेवा, आणि ठेवल्याचं केसपेपरवर लिहा.